माळ्यावरची वॉरंटी कार्डं

३ मार्च
कंपनीचं पत्र आलं! अठरा वर्षं मामाने त्यांचे व्हिडिओ गेम या देशात विकले. आता लिहितात — तुमच्याकडून आजवर गिऱ्हाइकाने भरून पाठवलेलं एकही वॉरंटी कार्ड आलं नाही, म्हणजे तिकडे कुणी खेळतच नाही. पंधराला साहेब येतोय, एजन्सी काढून घ्यायला.
मी इथे आठ दिवसांपुरता टेकलो होतो, सहावी नोकरी सोडून. मामी म्हणते, "पायाला भिंगरी लागलीय मेल्याच्या!"

५ मार्च
सापडलं! कार्डावर कंपनीचा पत्ता छापलेला — आणि मामाने प्रत्येकावर दुकानाच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली!
"अरे, पोरांनी परदेशचं टपाल कसं पाठवायचं? म्हटलं, इथे गोळा करू, एकदम धाडू."
"मग?"
"मग पोरं कार्डावर काहीबाही विचारायला लागली. उत्तरं देत बसलो."
माळ्यावर पत्र्याची पेटी. गच्च! मामी खालून, "मला माहेरी कधी एक ओळ लिहिली नाही ह्यांनी!"

८ मार्च
कार्डं वर्षावार लावतोय. पहिल्या वर्षी एकवीस, सगळी बंदराजवळची. तिसऱ्या वर्षी आतली गावं. सातव्यात गेम खेळायचं नवं मशीन आलं — चौपट!
पण वाचत बसतो. एक पोरगी लिहिते, 'पुलावरचा राक्षस मरत नाही. आजी म्हणते सोड. सोडू का?' मामाच्या उत्तराची नक्कल मागे टाचलेली — 'सोडू नकोस. आधी दोर काप.'
तो पूल बघायला मशीन लावलं. दिवस गेला. पण दोर कापला!

९ मार्च
मशीन कपाटात. किल्ली मामीकडे. मीच दिली.

१३ मार्च
मामा म्हणतो, "पेटी दाखवू नकोस. चूक माझी, हसतील." म्हटलं, मामा, जन्मात पहिल्यांदा एक काम तडीस नेतोय, तू मध्ये येऊ नकोस.  मामा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर गेला. कुठे, ते सांगितलं नाही.

१४ मार्च
झालं! चार हजार दोनशे सहा कार्डं. बोटं काळी.

१५ मार्च
साहेबाने तासभर कार्डं चाळली. त्याच्या भाषेत बोलला, ते मामाने मला मराठीत सांगितलं — "म्हणतोय, इतके पत्ते मिळाल्यावर मधला माणूस कशाला? पेटी द्या, आम्ही थेट विकू."
मी गार! माझ्याच हाताने लावून दिलं सगळं!
मामा साहेबाला काहीतरी म्हणाला. मग मला, "त्याला सांगितलं, मला विचारू नका. दुकान, पेटी, सगळं परवाच भाच्याच्या नावावर केलंय."
मी पेटीवर जाऊन बसलो. अजून उठलेलो नाही.