कोप्यांवरच्या मुलांची लस

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. आता म्हातारपणी तो जाईल असंही वाटत नाही, म्हणून लिहिते आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. जिल्ह्यातल्या मुलांच्या लसीकरणाला किती खर्च येईल, याचा अंदाज तुम्ही करायचात. तोही सांगलीच्या आपल्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून. डांग्या खोकला-घटसर्पाची लस, बर्फ, सुया उकळायचं रॉकेल, जीपचं डिझेल. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आवं, रॉकेल वाढवून धरा, कुठंच मिळत न्हाई." तुम्ही हसायचात आणि खरंच वाढवून धरायचात. आरोग्य खात्याची रीत अशी, की मूल ज्या गावच्या यादीत, त्या गावाला त्याची लस. पण आटपाडीकडची माणसं दिवाळी झाली की पोराबाळांसकट ऊसतोडीला इकडं येतात. हिवाळ्यात लस आटपाडीला पोचायची, तेव्हा तिथं असायची म्हातारी माणसं आणि दारांना कुलपं. पोरं इथं, साखर कारखान्यामागच्या कोप्यांत, पाचटाच्या त्या झोपड्यांत, खोकत असायची.

एका रविवारी तुम्ही मला तिथं नेलंत. एका बाईच्या मांडीवर डांग्या खोकल्यानं निळं पडलेलं पोर. ती म्हणते, "गावात लस आलती म्हणं. आमी हितं. हितं कवा येनार?" "पुढल्या वर्षी नक्की," तुम्ही म्हणालात. तुमच्या तोंडून 'नक्की' मी क्वचितच ऐकलं होतं.

ते पोर कसंबसं वाचलं. तुम्ही कोप्यांसाठी वेगळा खर्च धरलात. वरून शेरा आला, ही मुलं आटपाडीला धरली आहेत, दुबार धरता येणार नाहीत. तुम्ही पुन्हा पाठवलात, साहेबांशी भांडलात, आणि पुढच्या हंगामात मंजुरी आली. आली ती मात्र मार्च संपता संपता. महिना संपायच्या आत खर्च करा, नाहीतर पैसे परत. जीपमध्ये भुशात गुंडाळलेला बर्फ, लसीची पेटी, नर्सबाई, आणि हट्टानं मी. कोप्यांच्या तळावर चिटपाखरू नव्हतं. कारखाना बंद होऊन बैलगाड्या गावाकडं गेल्या होत्या. नर्सबाई हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, लस दिली म्हणून यादीतली नावं लिवून टाका. पैसं खर्ची पडलं तरच पुढल्या साली मिळतील." तुम्ही त्यांच्याकडं पाहिलंतसुद्धा नाही. लिहिलंत, मुले हजर नव्हती.

पुढच्या वर्षी ती तरतूद उडाली. गरज दिसत नाही, म्हणे. दिवाळीनंतर तीच बाई परत आली, कडेवर नवं तान्हं घेऊन. संक्रांतीच्या आत ते घटसर्पानं गेलं. तुम्ही भेटायला गेलात, मी मागं उभी होते. ती एवढंच म्हणाली, "सायेब, लस आलती म्हणं, आमी गेल्यावर." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं साताऱ्याला मी तुमच्याच खात्यात नोकरी केली. कोप्यांवरच्या मुलांचा खर्च दरवर्षी धरत गेले, दरवर्षी तो कापला गेला. लोक अजून सांगतात, तुझे वडील फार सचोटीचे. मी मान डोलावते. अण्णा, त्या दिवशी तुम्ही खोटं लिहायला हवं होतं.

हे पाठवायला पत्ता नाही, याचं मला बरंच वाटतं. तुम्ही समोर असतात, तर आजही मी गप्पच बसले असते.