सात मिनिटं फिरणारं चाक

बंगळुरू, ६ जानेवारी २०२५

ती. रंगामामांस,

सा. न. वि. वि. फोन केला की तुम्ही 'बरं हाय' म्हणता आणि ठेवून देता, म्हणून मामी म्हणाली पत्र टाक. डाव्या हातानं लिहायचा सराव डॉक्टरांनी सांगितलाच आहे. मला उत्तर लिहिणं हाच तो सराव समजा.

तुमची दोन बोटं गेली हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. पण एक विचारते, रागावू नका. कंपनीचा चौकशीचा कागद प्रज्वलनं मला मोबाइलवर पाठवला. तुम्ही सांगता की बटण बंद केल्यावर तीन मिनिटांनी पत्रा ठोकणारी प्रेस हातावर आली. कंपनी म्हणते, बंद मशीन खाली येत नाही, म्हणजे तुम्ही चालू मशीनमध्ये हात घातला आणि आता खोटं बोलताय. मामा, घाईत तसं झालं असेल तर कबूल करून टाका ना. चूक लिहून दिली तर नोकरी राहील, नाहीतर अठ्ठावीस तारखेला काढून टाकतील, असं प्रज्वल, तुमचा लेकच, सांगतो. शेवटी बटण बंद म्हणजे मशीन बंद, हे तर कुणीही सांगेल.

माझं विचाराल तर इथं संशोधनात मीपण भांडतेय. एक प्रचंड तारा मेला. मरताना त्यातून गॅमा किरणांचा झोत निघाला. झोत अर्ध्या मिनिटात संपला. तो झोत आजूबाजूच्या वायूवर आदळतो आणि मागे उजेड राहतो. तो उजेड हळूहळू विझत जायला हवा. माझ्या ताऱ्याचा क्ष-किरणांतला उजेड चार तास जवळजवळ तसाच होता! मी लिहिलं की आत अजून कोणीतरी ताकद पुरवतंय. माझा लेख तपासणाऱ्यानं उत्तर दिलं की स्फोट संपला म्हणजे इंजिन बंद, तुमच्या दुर्बिणीतच बिघाड असणार. इतका संताप आला की दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही.

मामीला नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
स्वप्नाली


संत तुकाराम नगर, पिंपरी, १३ जानेवारी

चि. स्वप्नालीस,

अ. उ. आ. आशीर्वाद रिवाज म्हणून लिहिला. आज तो मनातून निघंना.

कॉलेजची पाच वर्षं तू माझ्या घरात जेवलीस. तेवढ्यात मी कधी खोटं बोललेलो तुला दिसलं का? प्रज्वलचं सोड, त्याला शांतता पाहिजे. पण तू? लाखो कोसांवर मेलेल्या ताऱ्याच्या बाजूनं तू दोन दिवस अबोला धरतीस, आणि मामाच्या बाबतीत एका बटणावर विश्वास ठेवतीस! त्या तपासणाऱ्यानं तुला काय म्हटलं? इंजिन बंद, तुझंच चुकलं. आता स्वतःचं पत्र आठव, तू मला काय म्हटलंस.

ऐक. प्रेसच्या बाजूला माणसाच्या उंचीचं लोखंडी चाक असतंय, फ्लायव्हील. मोटर त्याला फिरवती आणि ठोका पडतो तो त्या चाकाच्या जोरावर. मोटर बंद केली तरी चाक फिरतच राहतंय. तेवढ्यात पायाखालचं पेडल दबून क्लचनं चाक पकडलं तर एक ठोका पडतोच. चाक थांबवायला ब्रेक असतोय. आमच्या चार नंबरच्या प्रेसचा ब्रेक दोन वर्षं झिजलेला हाय. चाकावर पत्र्याचं झाकण, शेजारी अकरा प्रेस धडधडायलेल्या, मग ना दिसतंय ना ऐकू येतंय. आणि सुपरवायझर डोक्यावर उभा, की पुढच्या शिफ्टच्या आत डाय, म्हणजे आतला साचा, बदला. थांबू कसा?

हे सगळं मी दवाखान्यात पडल्या पडल्या सांगितलं. गणराज म्हणून नवा सेफ्टी ऑफिसर हाय. तो म्हणला, कागदावर चाक अर्ध्या मिनिटात थांबतंय. कागदावर! बावीस वर्षं मी त्या चाकाशेजारी उभा हाय, आणि खरा कोण तर कागद.

मी काही लिहून देणार नाही. काढू दे.

माया हाय, पण आज ती तुझ्यापर्यंत पोचवायची इच्छा नाही.

रंगराव

ता. क. मी दुर्गामामी. यांनी आधी दोन कागद फाडले, हा तिसरा. राग तुझ्यावरचाच हाय, तेवढा घे. लाडू वेगळे पाठवायलेय, ते माझ्याकडून.


बंगळुरू, १८ जानेवारी

ती. मामांस,

सा. न. वि. वि. आज नमस्कार खरोखर साष्टांग. तुमचं पत्र जिन्यातच उभं राहून वाचलं आणि तिथंच पायरीवर बसून पुन्हा वाचलं. मला माफ करू नका लगेच. थोडे दिवस चिडलेलेच राहा, माझी तेवढी लायकी आहे.

मामा, माझ्या ताऱ्यात मला जे वाटतंय ते तुमचं चाकच आहे. तारा कोसळून आत शहराएवढा गोळा उरतो. तो सेकंदाला शेकडो वेळा फिरतो आणि जबरदस्त चुंबक असतो. फिरता फिरता मंदावतो आणि ती ताकद बाहेरच्या उजेडाला देत राहतो. दुसरे लोक म्हणतात, आत कृष्णविवर झालं आणि त्यात मागाहून पडणारा माल ताकद पुरवतो. नक्की कोण बरोबर हे अजून ठरलेलं नाही. पण स्फोट संपला म्हणजे सगळं संपलं, असं शपथेवर सांगणारा माणूस मोजायच्या आधी बोलतोय.

आम्हाला तिथं जाऊन झाकण उघडता येत नाही. उजेड किती वेळ टिकला, कधी पडला, एवढंच मोजायचं. तुम्हाला तर उघडता येतं! चौकशीत वाद घालू नका. अठ्ठाविसला सरकारी इन्स्पेक्टर येणार आहे असं प्रज्वल म्हणाला. त्यांच्यासमोर तेच मशीन चालू करा, बंद करा आणि घड्याळ लावा म्हणावं. कंपनीवाले नाही म्हणाले तर 'नाही' असं लेखी मागा.

लाडू पोचले, सहा खाल्ले. तुमच्या रागासकट मला आपलीच म्हणा.

स्वप्नाली


चाकण, कंपनीच्या गेटबाहेर, २९ जानेवारी

चि. स्वप्नालीस,

अ. उ. आ. हा मनापासून.

काल झालं. इन्स्पेक्टर बाई होत्या, बारीक चणीच्या, बोलायला खणखणीत. मॅनेजर म्हणला, मशीन चालवून बघायची गरज नाही. मी म्हणलो, तसं लिहून द्या. बाईंनी मॅनेजरकडं बघितलं आणि झाकण काढायला सांगितलं.

मशीन चालू करून बंदचं बटण दाबलं, मशीनवरचा दिवा गेला. बाईंनी मोबाइलवर वेळ लावली. अर्धं मिनिट गेलं, चाक जोरात. एक मिनिट, दोन मिनिटं. माझ्या शेजारच्या प्रेसवरच्या चिमाजीनं डायमध्ये लाकडी ठोकळा ठेवला होता. तो जरा तिरका झाला म्हणून गणराज सरळ करायला वाकला. सेफ्टी ऑफिसर, दिवा गेलाय म्हणून हात आत घालायलेला! मी डाव्या हातानं त्याची कॉलर धरून मागं ओढला. तीन मिनिटं झाल्यावर चिमाजीनं लांबून काठीनं पेडल दाबलं. ठोकळ्याच्या ढलप्या झाल्या. गणराज खाली बसला, त्याला पाणी दिलं. चाक थांबलं तेव्हा सात मिनिटं होऊन गेली होती. बाईंनी तिथंच चौकशीच्या कागदावरचं 'खोटं बोलला' हे वाक्य खोडलं आणि ब्रेक नादुरुस्त असं लिहिलं. माझी नोकरी राहिली.

सकाळी मला हलकं काम द्यायला बोलावलं. चार नंबर बंद ठेवलीय. मी विचारलं, बाकीच्या अकरांचं काय, त्यांचे ब्रेक कुणी मोजले? तर मॅनेजर म्हणायला, ऑर्डर हाय, पुढच्या महिन्यात बघू, तुझं काम झालं ना? मला भयंकर चीड आली. माझं काम! जसं काय बोटं फक्त मलाच होती. सगळ्या मोजल्याशिवाय मी आत येत नाही म्हणून सांगितलं आणि इथं येऊन बसलो.

सकाळपासून एकटाच हाय. तुझी मामी डबा ठेवून, चार शब्द ऐकवून गेली. आता दुसऱ्या शिफ्टच्या बस यायलेत. शिफ्ट सुटून बाहेर आलेला चिमाजी पहिल्या बसमध्ये चढून हातवारे करायलाय. काय बोलतोय ते इथून ऐकू येईना.

लिहीत राहा, भांडत राहा, आणि जमलं तर मामाचं आधी ऐकत जा.

थांब, माणसं उतरली. गेटकडं कुणी जाईना. माझ्याकडंच यायलेत.

रंगराव