एकाच नंबरची जोडी

९ जानेवारी
नाही म्हणाला! सरळ नाही! भिंगवाल्याने माझं नाव न सांगता विचारलं होतं — "एक गिऱ्हाईक आहे, तुमच्याकडची ती जुनी लेन्स देता का?" माझा धाकटा भाऊ म्हणाला, "विकायची नाही." भिंगवाला जन्मभर जुन्या कॅमेऱ्यांचा व्यापार करतोय, दगडालाही पाझर फोडेल. त्याचंही काही चाललं नाही.

अकरा वर्षं झाली. बाबांच्या कपाटातून कॅमेरा निघाला त्या दिवशी बॉडी मी उचलली, लेन्स त्याने. "घे तुझा डबा, काच माझी!" असं ओरडून गेला. मीही काही कमी बोललो नाही. त्याच आठवड्यात फोन नंबर बदलून टाकला. बॉडीवर आणि लेन्सवर एकच नंबर कोरलाय. अशा जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. माझ्याकडे बाकी चाळीस कॅमेरे आहेत, पण कपाट उघडलं की नजर त्या आंधळ्या डब्यावरच जाते.

१० जानेवारी
ही म्हणते, "सख्खा भाऊ आहे ना? स्वतः विचारलंत तर दात पडतील का?" पडतील!

२२ जून
भिंगवाल्याला पुन्हा पाठवलं. पुन्हा नाही. या वेळी चहा दिला म्हणे, लेन्स दाखवलीसुद्धा. काचेवर ओरखडा नाही, बुरशीचा ठिपका नाही. "फार जपलीय हो त्यांनी," असं वर मलाच सांगतो. जपणारच — मला जळवायला! भिंगवाला आपलं कार्ड ठेवून आलाय.

"तब्येत उतरलेली वाटली," असंही म्हणाला. हिने ते ऐकलं.

२५ जून
फोन हातात घेतला. त्याचा नंबर अजून पाठ आहे. सहा आकडे दाबले आणि ठेवून दिला. आधी त्याने करावा, धाकटा तो आहे. ही म्हणाली, "कुठल्या नंबरवर करेल? तुमचा तर तुम्हीच बदललात." गप्प बस म्हटलं.

१७ नोव्हेंबर
आली! आली! कार्डावरच्या पत्त्यावर आपणहून पार्सल आलं, सोबत चिठ्ठी — 'लेन्स द्यायची आहे.' भिंगवाला सकाळीच दारात हजर. शेवटी नमला गडी!

लेन्स बॉडीवर ठेवून फिरवली — टक्. अकरा वर्षांनी तो आवाज! डोळा लावला तर समोर ही भाजी निवडत बसलेली, एकेक पान स्वच्छ दिसत होतं. ही मान वर न करता म्हणाली, "आत्ताच का दिली असेल?" म्हटलं, "अक्कल आली असेल."

१८ नोव्हेंबर
हिचा प्रश्न डोक्यातून जाईना. अशी वस्तू धनी असेपर्यंत घराबाहेर पडत नाही. आम्हा जमवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. माझ्या चाळिसांतले निम्मे कॅमेरे मी मागे राहिलेल्यांकडूनच आणलेत. आणि काल हे माझ्या डोक्यात आलं नाही!

त्याचा नंबर लावला. भावजयीने उचलला. ऑगस्टमध्ये गेला. "तुम्हाला किती फोन केले, नंबर बंद लागायचा. मग वाटलं, तुम्हाला यायचंच नाही. आता लहान घरात जातेय, सामान कमी करतेय." हिने फोन घेतला. मी रडलो. हिच्यासमोर, मोठ्याने, लाज न बाळगता रडलो.

काल मी त्याला 'नमला' म्हणालो होतो.

२० नोव्हेंबर
भावजयीकडे जाऊन आलो. ती म्हणाली, "या वर्षात दोनदा कुणी गिऱ्हाईक विचारून गेलं. यांनी साफ सांगितलं, परक्याला द्यायची नाही, दादा येईल न्यायला."

ते गिऱ्हाईक कोण होतं, हे मी तिला सांगितलं नाही.