प्रभूच्या नावाची इर्जिक

मु. आसोलवाडी
मंगळवार

प्रिय प्रभू,

डब्यात हात घालून लाडू शोधत असशील तर थांब. लाडू नाहीत. तुझ्या आईनं या खेपेला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं एवढंच दिलं आहे, आणि धपाट्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून हे पत्र मी ठेवलं आहे. आमदाराला पत्र पाठवायची ही काही सरकारी पद्धत नव्हे, पण दुसरं करू काय? फोन लावला की तुझा पीए हरीश उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतो. दोन महिने झाले, तुझी मीटिंग काही संपत नाही. टपालानं पाठवावं तर तेही तोच फोडतो. पण आईचा डबा तू कुणाला उघडू देत नाहीस, हे मला तुझ्या ड्रायव्हरनं, मुन्नानं, सांगितलं. लाडू का नाहीत ते शेवटी सांगतो. तोवर पत्र पुरतं वाच, कारण तुझी-माझी दोस्ती राहायची की मोडायची ते येत्या रविवारी ठरणार आहे. घाबरू नकोस, आधी मजा सांगतो.

मजा म्हणजे आपल्या गावाची एसटी सुरू झाली! काल सकाळी सव्वानऊला गाडी पारापाशी येऊन उभी राहिली. धुरपताबाईनं ड्रायव्हरला कुंकू लावलं, तिच्या शेळ्यांनी टायरला तोंड लावलं, आणि नऊच्या नऊ पोरी खिडक्यांतून हात हलवत जवळा बाजारच्या कॉलेजला गेल्या. त्यात आमची पुजाही होती. सप्टेंबरात ओढ्यावरचा नळ्यांचा पूल वाहून गेला तेव्हापासून पोरी घरी बसून होत्या. पुजाचं बारावीचं वर्ष. माझे साडू तर एक स्थळही घेऊन आले होते. एवीतेवी पोरगी घरीच आहे, म्हणाले. तेव्हा पुजानं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. डेपोचे साहेब मात्र भला माणूस. रस्ता गाडी येण्यासारखा करा, पुढच्या सोमवारी गाडी सोडतो, असा शब्द त्यांनी दिला होता आणि तो पाळला.

आता रस्ता कुणी केला, ते ऐक. पण त्याआधी तुझं भाषण.

ऑक्टोबरात जवळा बाजारला त्या नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं. बाजारचा दिवस, माणसं भरपूर. तू गुलाबी फेट्यात छान दिसत होतास हे मान्य करतो. मागून कुणीतरी उठून आसोलवाडीच्या पुलाचं विचारलं, आणि तुझा पारा चढला. तू म्हणालास, सगळं सरकारनंच करायचं का? पारावर बसून तंबाखू मळायची, फुकटचं खायचं, आणि दारातला खड्डा बुजवायलाही तुम्हाला आमदार पाहिजे. अशा आळशी लोकांसाठी आम्ही रात्रंदिवस राबायचं. टाळ्या पडल्या, पण त्या स्टेजवरच्याच लोकांच्या. खाली सगळे एकमेकांकडे बघत होते. कालपर्यंत सोयाबीन काढून हाताला फोड आलेली माणसं ती, त्यांना कळेचना की हे कुणाविषयी चाललं आहे.

संध्याकाळपर्यंत ते भाषण गावातल्या प्रत्येक मोबाइलवर होतं. लोक चिडले, मग चिडून कंटाळले आणि हसायला लागले. पारावर राम राम घालायच्या ऐवजी “या आळशी, बसा फुकटे” असं सुरू झालं. भावसिंगनं हिशेब मांडला की तुमच्या विधानसभेत एरवी एकमेकांचे माईक ओढतात, पण पगारवाढीच्या दिवशी सगळे कसे गुण्यागोविंदानं हात वर करतात. धुरपताबाई म्हणाली, “म्या चारला उठते, शेरडं घेऊन दिवसभर रान तुडवते. मंग मला काहून कोनी पगार देऊन नाही राहिलं?” तिला उत्तर द्यायला तू पाहिजे होतास.

तर मग ठरलं की इर्जिक घालायची. तुला इर्जिक सांगायला नको, पण तुझ्या आजूबाजूला आता जी पोरं असतात त्यांना कदाचित सांगावी लागेल. एकाचं काम अडलं की सगळ्या गावानं औतं-अवजारं घेऊन जायचं, पैसा घ्यायचा नाही, आणि ज्याचं काम त्यानं संध्याकाळी जेवण घालायचं. आदल्या दिवशी दगडोबा घरोघर बोलावण्याची सुपारी ठेवत फिरतो हेही तुला आठवत असेल. अजून तोच फिरतो, गुडघे गेलेत तरी. पण या वेळी पहिल्याच दारात त्याची अडचण झाली. धुरपताबाईनं सुपारी उचलायच्या आधी विचारलं, “कोनाची हाय?” हे तर सगळेच विचारतात, कारण कुणाकडे जेवण चांगलं असतं हे सगळ्यांना पाठ असतं. आता रस्ता कुणाचा सांगणार? दगडोबानं घटकाभर डोकं खाजवलं आणि म्हणाला, “कोनाची म्हंजे? आमदारसायबाची! प्रभूची!”

झालं. दिवस मावळायच्या आत गावभर झालं की उद्या प्रभूची इर्जिक आहे. तीस माणसं येतील अशी आमची अटकळ होती, आली ऐंशीच्या वर. जे कधी स्वतःच्या भावाच्या इर्जिकीला गेले नाहीत तेसुद्धा आले, निव्वळ तुझं काम करून तुला लाजवायला. चार ट्रॅक्टर, पंचायतीमागे पडलेल्या सिमेंटच्या नळ्या, गायरानातल्या खाणीचा मुरूम. बायका घमेली घेऊन ओळीनं उभ्या. गेल्या बुधवारी ओढ्यात नळ्या बसल्या, गुरुवारी दुपारी चारला फाट्यापर्यंतचे सगळे खड्डे बुजले. इतकं हसत काम झालेलं मी तरी पाहिलं नाही. कुणी दमून टेकला की लगेच आरोळी, “ऊठ, आमदाराचं काम हाय, फुकट न्हाई!” मला तर वाटलं, आपण पुन्हा सतरा वर्षांचे झालो.

कारण आठवतं ना, ही एसटी पहिल्यांदा गावात कुणी आणली? तूच. आपण दोघं फाट्यावर गाडीपुढं आडवे झोपलो होतो. मी भीतीनं डोळे मिटले होते आणि तू आभाळाकडे बघत ड्रायव्हरशी हुज्जत घालत होतास. महिन्याभरात गाडी गावात आली. पहिल्याच दिवशी तू जाऊन बसलास ते नेमका त्या सीटवर, जिच्या खिडकीवर विधानसभा सदस्य असं रंगवलेलं असतं. कंडक्टरनं उठवलं तर म्हणालास, आत्ता उठतो, पण ही जागा माझी आहे, लक्षात ठेवा. सगळी गाडी हसली होती. मी हसलो नव्हतो, कारण मला ते खरं वाटलं होतं. पुढं तू निवडून आलास तेव्हा गुलालात लोळणारा पहिला माणूस मी होतो, आणि मग चौदा वर्षांत तू त्या सीटवर एकदाही बसला नाहीस.

असो. गुरुवारी काम संपलं, हातपाय धुऊन आम्ही घरी निघालो, तर मारुतीपाशी तुझी आई उभी. डोक्यावर पदर, हातात तांब्या. म्हणाली, चला, पानं मांडलीत. आम्हाला कळेना. अरे, ही सगळी चेष्टा होती, जेवणाचा कुणी विचारच केला नव्हता! भावसिंग पुढं होऊन म्हणाला, गोजरमाय, ते नाव आम्ही गमतीनं घेतलं होतं. तर म्हातारी कशी म्हणते, “तुमची गंमत असंल बाबा. माह्या लेकाच्या नावानं सुपारी फिरली. तुमी आले, दोन दिस घाम गाळला. आता माह्या दारातून उपाशी जाल व्हय?”

दोन दिवस तुझ्या नावानं खिदळणारे आम्ही ऐंशी लोक, गुमान तुझ्या अंगणात मांडी घालून बसलो. शहात्तर वर्षांच्या बाईनं शेजारच्या दोन सुनांना घेऊन भाकरी, वांग्याची भाजी, वरण, सगळं केलं होतं. वांगी अशी झाली होती की मोहनसिंगनं तीनदा मागून घेतली. पाणी वाढताना ती प्रत्येकाला नाव घेऊन विचारत होती. जेवता जेवता माणसं पुन्हा बोलायला लागली, पण तुझ्यावर विनोद करायची कुणाची छाती झाली नाही.

मग आली बुंदी. आणि आपल्या गावची रीत तुला ठाऊक आहे, भाजी-भाकर कुणीही वाढावी, पण इर्जिकीचं गोड मालकाच्याच हातचं. म्हातारी परात घेऊन पहिल्या पानापाशी आली, वाकली आणि तशीच थांबली. परात खाली ठेवून ती म्हणाली, “गोडाचं माह्या हातानं न्हाई. पुढच्या ऐतवारी तो येतो. त्याच्या हातानं खा. तवर मीबी गोड तोंडात घालायची न्हाई.” असं म्हणून बुंदी तिनं लेकराबाळांत वाटून टाकली. म्हणून डब्यात लाडू नाहीत, प्रभू. घरात गूळसुद्धा तिनं वर ठेवून दिला आहे, चहा बिनसाखरेचा पिते आणि वर त्याला चव चांगली लागते म्हणते.

येत्या रविवारी तू येणार, हे तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. तिनंही तुला तीनदा फोन लावला होता, तिलाही मीटिंग लागली. डबा न्यायला येणाऱ्या मुन्नाकडे ती निरोप देणार नाही, कारण ड्रायव्हरनं आपल्या लेकाला आईचं बोलावणं सांगावं हे तिला कमीपणाचं वाटतं. नुसत्या भरवशावर तिनं ऐंशी माणसांना तुझा शब्द देऊन टाकला आहे.

आता मी हे का लिहितो आहे ते सांगतो. त्या सभेत मागून उठून पुलाचं विचारणारा मीच होतो, हे तुला माहीत आहे. तू पाहिलंस मला. माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलंस आणि शेजारच्याला विचारलंस, कोण आहेत हे? आळशी, फुकटा म्हणालास त्याचं काही नाही, तुझ्या शिव्या मी लहानपणापासून खाल्ल्या आहेत. पण ‘कोण आहेत हे’ मला लागलं. फार लागलं, प्रभू. घरी येऊन मी जेवलो नाही. म्हणून दगडोबा सुपाऱ्या घेऊन निघाला तेव्हा मीच त्याच्या कानात सांगितलं होतं की कुणी विचारलं तर प्रभूचं नाव घे. गावाला वाटतं त्याला आपोआप सुचलं, आणि तोही बिचारा मोठेपणा घेतो आहे. मला तुझी जिरवायची होती आणि जिरली ती तुझ्या आईची. परात घेऊन ती वाकली तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिच्यापुढं जाऊन कबूल करायची हिंमत झाली नाही, म्हणून तुझ्यापुढं करतो. चूक झाली. तू माझ्यावर चीड, फोनवर नाही तर समोर येऊन शिव्या दे, पण रविवारी ये. भाषण नको, हार नकोत, हरीशही नको. बुंदी आम्ही पाडतो, तू फक्त वाढ. पहिलं पान तुझ्या आईचं, आणि त्यानंतर जमलं तर माझं. आणि मोटारीनं येऊ नकोस. जवळा बाजारहून साडेदहाला आपली गाडी निघते, तिनं ये, म्हणजे तुझ्या नावाचा रस्ता तुला नीट बघता येईल. ती खिडकीवर नाव रंगवलेली सीट अजून तशीच आहे. काल आणि आज आमची पुजा तिच्यावर बसून गेली, कंडक्टरनं उठवलं नाही. पण रविवारी तिला सुट्टी आहे, तुझी जागा रिकामी असेल.

आभाळाकडे न बघता तुझ्या शेजारी आडवा झोपलेला,
तुझाच
संतराम