बिबड्यांच्या मोसमातलं समूहकार्य

३ मार्च, सकाळी ६.१०
नवी वही, नवा अर्पित. मागच्या वर्षी एमएसडब्ल्यूत, म्हणजे समाजकार्याच्या पदवीत, ग्रुप वर्कमध्ये नापास झालो. त्यात दोष गटाचा होता, गट जमलाच नाही. या वर्षी नरडाण्यापासून सात किलोमीटरवरचं गाव मीच निवडलंय. महिलांचा गट, आठ सत्रं, विषय 'नेतृत्वविकास'. महिनाअखेर जळगावहून बाहेरच्या परीक्षक येणार. पास झालो तर एका सामाजिक संस्थेत नोकरी, नाहीतर धुळ्यात पप्पांच्या कापडदुकानात कायमची गादी. पप्पांनी काल त्या गादीवरची उशी माझ्यासाठी धुवायला टाकली. अपशकुन मानत नाही.

४ मार्च
सत्र पहिलं. वेळ ९, जागा समाजमंदिर. उपस्थिती: मी.
सगळ्या बाया गेंदाअक्काच्या अंगणात बिबडे करत होत्या. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. आधी मोठ्या पातेल्यात ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवायचा आणि मग तो ओल्या कापडावर हाताने थापायचा. अंगणात जाऊन नम्रपणे आठवण करून दिली. गेंदाअक्का गावात सगळ्यांत वडील. वर न बघता म्हणाल्या, "तुनी मीटिंग थांबी, घाटा थांबत नही." चौदा जणी हसल्या. नोंद: गावात समूहभावना शून्य.

६ मार्च
आज रुपलीच्या अंगणात बिबडे. त्याच चौदा जणी, त्याच वेळी. रोज एकीचं घर, बाकीच्या तिला मदत करतात. कोणी बोलवत नाही, हजेरी घेत नाही, तरी सगळ्या हजर. एवढ्या बाया रोज एकत्र येतात आणि माझा गट मात्र होत नाही! एकत्र येतात, पण कामासाठी. समूहकार्यासाठी नव्हे. हा फरक त्यांना समजावून सांगायला हवा.

७ मार्च
आइसब्रेकर, म्हणजे ओळखीचा खेळ घेतला. बॉल फेकायचा, ज्याच्या हातात येईल त्याने आपलं नाव सांगायचं. रुपली शेजारच्या सुनिताकडे बघून म्हणाली, "तीस वरीस व्हयनात, आते नाव इचारस?" बॉल घाट्यात पडला. पुस्तकातल्या बर्फाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण लेखक मार्चमध्ये खानदेशात आलेला नसावा.

११ मार्च
नवीन धोरण: लोकांत मिसळायचं. गेंदाअक्कांनी सांगितलं, "हात धुई ले आन् आठे बस." पातेल्यापाशी बसवलं. लाकडी दांडा हातात दिला. घाटा सतत हलवायचा, थांबलं की गाठी होतात. मी दोनदा थांबलो, मुद्दे टिपायला. गाठी झाल्या. पूर्ण पातेलं वाया गेलं असतं. सुनिताने दांडा घेतला, दुसरीने पाणी ओतलं, तिसरीने जाळ कमी केला. एकमेकींशी एक अक्षर न बोलता. संवादाचा अभाव स्पष्ट दिसतो.
नंतर मला गरम घाटा कच्चं तेल घालून दिला. दोन वाट्या खाल्ल्या. निरीक्षणासाठी.

१४ मार्च
दंडात गोळे आलेत. चार्ट पेपरवर नेतृत्वाचे पाच प्रकार लिहून नेले होते. बायांना खूप आवडले. बिबड्यांवर कावळे येऊ नयेत म्हणून काठीला बांधले. नेतृत्व वाऱ्यावर छान फडफडत होतं.

१७ मार्च, दुपार
अवकाळी ढग आले. पाच घरांचे बिबडे खाटांवर आणि जमिनीवर अंथरलेल्या कापडावर वाळत होते. संकट व्यवस्थापन दाखवायची हीच संधी म्हणून मी मध्यभागी उभा राहून सूचना द्यायला लागलो. कोणी ऐकेना. प्रत्येकीने आधी दुसरीची खाट आत नेली, मग स्वतःची. दहा मिनिटांत सगळं आत. फक्त एक कापड बाहेर राहिलं, कारण त्यावर मी उभा होतो. "भाऊ, पाय उचल ना!" अशी ओरड झाली तेव्हा कळलं. रुपलीचे चाळीसेक बिबडे गेले. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने तिला आपले थोडे द्यायचे, हे लगेच ठरलं. ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. खेदाने लिहितो, हे सगळं अहवालात बसत नाही.

२० मार्च
पप्पांचा फोन. गादीला नवीन खोळ शिवली. रंग विचारत होते.

२१ मार्च, रात्र
आठही सत्रांचे अहवाल एका बैठकीत लिहून टाकले. उपस्थिती प्रत्येकी चौदा. हे खोटं नाही. चौदा जणी रोज उपस्थित होत्याच. फक्त मी वेगळ्या कार्यक्रमाला होतो.

२५ मार्च
परीक्षक उद्या येणार आणि गटाला स्वतः भेटणार! असं करतं का कोणी? घाटा हलवताना तोंडातून निघून गेलं की नापास झालो तर जन्मभर दुकानात बसेन. आवाज जरा चिरकला. धुरामुळे.
बायांनी हात चालू ठेवूनच चर्चा केली. सुनिता म्हणाली, परीक्षक बाईंसमोर बिबडे नकोत. रुपली म्हणाली, सगळ्यांनी धुतलेली लुगडी नेसा. गेंदाअक्कांनी शेवट केला, "आमना शे हाऊ. दुकानमा बसू देवानं नही." मला त्या वेळी काय वाटलं ते लिहिता येत नाही. चांगलं वाटलं, एवढं लिहितो. चाळीस बिबडे तुडवलेल्या माणसाला रुपलीसकट सगळ्यांनी 'आमना'त, आपल्यात धरावं, याची मला सवय नाही.

२६ मार्च
समाजमंदिरात चौदा जणी गोल बसल्या. परीक्षक ममता मॅडमनी माझे अहवाल चाळले आणि विचारलं, या विद्यार्थ्याने तुम्हाला काय शिकवलं? मी डोळ्यांनी 'नेतृत्व, नेतृत्व' म्हणत होतो. गेंदाअक्का माझ्या बाजूने जीव तोडून बोलल्या, "हाऊ उना तवय याले काहीच येत नव्हतं. आते याना घाटामा एक गाठ पडत नही!" बाकीच्यांनी जोरात माना हलवल्या. मग एकेक बाई माझी प्रगती सांगायला लागली. रोज वेळेवर येतो. ताट धुतो. आता कमी बोलतो. ऐन ढगात कापडावर उभा राहिला तो पहिल्या पंधरवड्यातला प्रकार, त्याचं मनावर घेऊ नका.
मॅडमनी अर्धा तास लिहून घेतलं. एवढं कोणी माझ्याबद्दल कधी लिहिलं नव्हतं. भक्कम पास आहे.

३१ मार्च, सकाळी ११
निकाल. काठावर पास. मॅडमचा शेरा जसाच्या तसा उतरवतो:
'समूहकार्याचं महत्त्व दाखवणारं उत्कृष्ट उदाहरण. गट: चौदा महिला. गटप्रमुख: गेंदाबाई. विद्यार्थ्याचे आठही अहवाल रद्द. गटाने हाताळलेली केस: अर्पित कांतीलाल, वय २६. सुधारणा समाधानकारक. गटाने आणखी एक मोसम ठेवून घ्यावे.'
पप्पांना पास झालो एवढंच सांगितलं. कागद दाखवला नाही.