निळ्या धाग्याच्या काठ्या आणि एकतीस वह्यांची व्यवस्था

माझ्या दोन हातांनी झालेल्या वस्तू अशा: गोल्फच्या काठ्या चार हजार एकशे सोळा, दुरुस्तीच्या वेगळ्या. काठीच्या डोक्याचा कोन मोजायचा साचा एक, जुन्या सायकलच्या सांगाड्यातून काढलेला, अर्ध्या अंशाचीही चूक न करणारा. दुकानातले लांब बाक. स्वयंपाकघराचे दार, जे अजून न करकरता लागते. एक पाळणा. पाळण्यातली मुलगी मी यादीत धरलेली नाही. तिच्यावर तिच्या आईची मेहनत जास्त.

हे सर्व करणारा मी, वय चोपन्न पूर्ण, शाळा सातवीपर्यंत आणि पुढचे शिक्षण खेळाडूंनी रागाने मोडलेल्या काठ्या घरी आणून, उघडून झालेले. परवा माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. नसेलही. पण माझे डोके ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही, आणि माझ्यामागे काय कोणाचे हे मीच सांगितलेले बरे, म्हणून लिहितो.

१. राहते घर व बँकेत असेल ते सर्व माझ्या पत्नीचे. ‘आता एकटी कशी राहणार?’ असे तिला कोणी विचारू नये. तीस वर्षे मी दुकानात होतो. एकटीने कसे राहायचे ते तिला येते. या कागदाची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. बाकाची मोठी लोखंडी पकड माझ्या धाकट्या भावाने एकोणीस वर्षांपूर्वी ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेली. ती त्याचीच असे तो पाहुण्यांना सांगतो. आजपासून ते खरे धरावे. स्क्रूला तेल मात्र घालत जा, बाबा रे.

३. पुढचे कलम देण्याघेण्याचे नाही, कबुलीचे आहे.

काठीचा दांडा कडक किंवा मऊ असतो. जोरात फिरवणाऱ्याला कडक, सावकाश फिरवणाऱ्याला मऊ. कडक दांड्याला मी मुठीखाली निळा धागा बांधतो, मऊला पांढरा. पन्नाशी उलटलेला प्रत्येक पुरुष निळाच मागतो. मी त्याचा हातमोजा कुठे फाटलाय ते बघतो, बुटाचा तळ कोणत्या बाजूने झिजलाय ते बघतो, दांडा मऊ घालतो आणि वर निळा धागा बांधतो. मुठीच्या आत खरा पांढरा असतो. माणूस खूश, चेंडूही सरळ. खेळाडूंच्या मापांच्या वहीत मात्र खरे तेच लिहिलेले आहे.

माझी मुलगी एका कंपनीत नोकरीला लागली. तिथले काम असे: चेंडूमागे एक पेटी ठेवायची. वेग, फिरकी, उंची, सगळे आकडे पडद्यावर येतात. ती पेटी घेऊन आमच्याच मैदानावर आली. मला अभिमान वाटला, हेही नोंदवतो. निवृत्त न्यायाधीश साहेब पुढे झाले, चार चेंडू मारले. तिने त्यांची काठी घेतली, दांडा यंत्रात धरून थरथरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “साहेब, हा कडक नाहीये. चांगलाच मऊ आहे.”

लोक हसले. साहेब माझ्याकडे वळले. “मिस्त्री, बारा वर्षं?”

मी बोललो ते घरी, मुलीशी.

“चार लोकांत बापाचं नाक कापलंस.”

“बाबा, आकडा खोटं बोलत नाही.”

“म्हणजे मी बोलतो?”

“तुमचा धागा बोलतो.”

त्यानंतर चौदा महिने आम्ही एकमेकांशी बोललो ते तिच्या आईमार्फत. साहेबांनी शहरातून खरोखरचा कडक दांडा आणला. चार महिन्यांनी दुकानात आले, दार लोटून घेतले. “वीस पावलं कमी जातोय रे चेंडू. माझा तो मऊ परत घाल.” मग दाराकडे बघून, “आणि वर निळाच बांध हं.”

४. माझी स्वतःची काठी दुकानात खिळ्याला आहे. निळा धागा, आतही निळा. झडपेचे निदान झाल्यावर मी दुपारी, मैदान रिकामे असताना, मुलीच्या पेटीपुढे जाऊन उभा राहिलो. तिला म्हणालो, “बघ जरा.” सहा चेंडू मारले. तिने पडदा माझ्याकडून वळवून घेतला. कागदावर काहीतरी लिहिले आणि कागद पालथा बाकावर ठेवला.

“पाहिजे तेव्हा उलटून बघा. नाही बघितलात तरी चालेल.”

मी घरी येऊन बघितला. वीस वर्षे मी स्वतःलाच चुकीचा दांडा बांधलेला आहे. पेटीचे बरोबर होते. आणि तिने ते कोणाला ऐकू जाऊ दिले नाही, मलासुद्धा. हे तिला कोणत्या कंपनीने शिकवलेले नसणार.

ती काठी तिच्याकडे जावी. दांडा बदलावा. धागा कोणता बांधायचा ते तिने ठरवावे.

५. दुकान, साचा, हत्यारे आणि एकतीस वह्या पूर्णपणे माझ्या मुलीच्या. वहीत प्रत्येक खेळाडूला एक पान: मनगट जमिनीपासून किती उंच, पंजा केवढा, चेंडू काठीवर कुठे लागतो. ही मापे पेटीला शिकवायची असतील तर खुशाल शिकव. पानाची मागची बाजू वेगळी. कोणाचा हात थरथरू लागला आहे, कोणाला एका डोळ्याने कमी दिसते, कोण बायको गेल्यापासून डावीकडेच मारतो. हे त्यांनी मला सांगितले ते दार लोटून. ज्याचे पान त्याला विचारल्याशिवाय मागची बाजू कोणत्याही यंत्रात जाऊ नये. माणूस हयात नसेल तर मुळीच नाही. तुला हे लिहून द्यायची गरज नाही, हे मला त्या पालथ्या कागदावरून कळले. तरी कायद्याला गरज आहे.

लिहून ठेवणारा: काठ्या बांधणारा मिस्त्री (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली:
साक्षीदार १: निवृत्त न्यायाधीश (सही). यांना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला देऊ नये असे त्यांनीच बजावले.
साक्षीदार २: मैदानाचे मुख्य माळी (सही)

स्थळ: दुकानातले लांब बाक
तारीख: शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी, मंगळवार

पुरवणी, त्याच साक्षीदारांसमोर, त्याच शाईने:

न्यायाधीश साहेब म्हणतात, वह्यांची किंमत नमूद केलेली बरी. मी ती कधी केली नाही. एकदाच दुसऱ्याने केली. गेल्या महिन्यात मुलीच्या कंपनीचे मोठे अधिकारी दुकानात आले. वह्या दोन्ही बाजूंसकट कायमच्या विकत मागितल्या. मुलगी शेजारी बसली होती, नोकरीच तशी. ती म्हणाली, “बाबा, हो म्हणा ना. ऑपरेशनच्या खर्चाचं टेन्शन जाईल तुमचं.” तिचे डोळे भरले होते. मी म्हणालो, विकायच्या नाहीत. कोणाच्या आहेत ते त्या दिवशी तिच्या अधिकाऱ्यांसमोर बोललो नाही, म्हणून इथे लिहिले. नाकारलेली रक्कम: बावीस लाख चाळीस हजार फक्त.