म्हसोबाचा लाल बल्ब

प्रिय बद्रीनाथ,

बघ, सरळ नाव घेतलं. नांदत होते तेव्हा उखाण्याशिवाय तोंडी यायचं नाही. आता मी तुझी बायकोच नाही, तर लाज कशाची?

शेंद्र्याला तुझी शेवंती यंदाही फुलली नाही, असं पुंजाराम फुलवाला सांगत होता. नुसता पाला, गुडघ्याएवढा. मला आपलं लग्नाचं वर्ष आठवलं. तुझ्या आईनं, आत्याबाईंनी, नवस म्हणून वाफ्यातल्या म्हसोबावर मोठा लाल बल्ब टांगला होता, सांजेपासून उजाडेपर्यंत जळणारा. दसरा गेला, दिवाळी गेली, कळी नाही. फक्त गोठ्याआडच्या दोन ओळी पिवळ्याधमक फुलल्या. आत्याबाई म्हणाल्या, "तिथं हिची सावली पडली नाय. इटाळात रानात हिंडली ही." तू मान खाली घालून माझी पेटी एसटीत ठेवलीस.

आता मी चिकलठाण्याच्या एका पॉलिहाऊसमध्ये शेवंतीच सांभाळते. माझ्या सावलीत हजारो रोपं फुलतात, विटाळातसुद्धा. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग काळोख लागतो रे. मध्येच लाल उजेड पडला की तिला वाटतं दिवस अजून मोठाच आहे, मग ती पानंच वाढवत बसते. निळा उजेड ती एवढा मनावर घेत नाही, लाल मात्र पुरता फसवतो. लग्नसराईपर्यंत फुलं थोपवायची असली की आम्ही मुद्दाम लाल दिवे लावतो. गोठ्याच्या भिंतीनं तुझ्या दोन ओळी वाचवल्या, एवढंच.

हे मला कामाच्या पहिल्याच वर्षी कळलं. एक चिठ्ठी पुरली असती. नाही टाकली. उलट तू म्हसोबाला दुसरा बल्ब लावलास, मग तिसरा, हे ऐकून मी पोट धरून हसले. तुझं वाटोळं मला गोड लागत होतं.

सोमवारी तुझी दुसरी बायको, आशाबाई, इथं काम मागायला आली. तिलाही सावलीपायीच हाकललंत, आणि वर मनगटावर डाग दिलात. मी तिला दिव्यांचं बटण दाखवलं, सगळं समजावलं. तिनं ते बटण एकदा लावून, विझवून पाहिलं. मग म्हणाली, "ताई, तुमाला हे कवापासून ठावं व्हतं?" मी म्हणाले, आत्ताच कळलं.

त्या खोटेपणानंतर मला जेवण जात नाही. तिला तोंडानं सांगायची हिंमत माझ्यात नाही. पण आशाबाईला वाचता येतं. हे पाकीट न चिकटवता तिच्याच हाती पोस्टात टाकायला देते आहे. तू बल्ब विझव, नाहीतर नको विझवूस.

तुझीच म्हणवत नाही, नुसती
द्वारका